नववा फर्मा

१२ जून

सुये,

तीन आठवडे! पुस्तक पाठवून तीन आठवडे झाले, आणि तुझं उत्तर काय, तर कार्डावर चार ओळी. ‘पुस्तक मिळालं. मी बरी आहे. चिंगीचं पत्र का नाही? चिंगी कशी आहे?’ चारातल्या दोन चिंगीच्या! अगं, मी काय तुझ्या लेकीची टपालपेटी आहे? तीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात एका टेबलावर काम केलं. तू फर्मे शिवायचे, मी पुठ्ठे चिकटवायचे, म्हणून सुपरवायझरने तुला सुई आणि मला खळ नाव पाडलं. एका डब्यात जेवलो. वर माझ्या मुलाला तुझी मुलगी करून विहिणी झालो. एवढं सगळं करून मी कशी आहे हे विचारायला तुझ्या कार्डावर जागा उरली नाही.

परत सांगते, आता नीट वाच. चिंगी जिन्यावरून पडली. उजवा हात मनगटात मोडलाय, प्लास्टर आहे, म्हणून लिहिता येत नाही. फोन करावा तर घडीच्या मशीनने तुझ्या कानांचं वाटोळं केलंय. तू तिकडे ‘हॅलो हॅलो’ करत बसतेस आणि मी इकडे शेजारपाजार गोळा होईपर्यंत ओरडते. म्हणून मी लिहिते. मी, चौथीत शाळा सोडलेली. एका पत्राला दोन दिवस लागतात मला.

आता पुस्तकाचं. तुला माहीतच आहे, मी जन्मात पुस्तक वाचलं नव्हतं. ढिगाने पुठ्ठे चढवले, पण आत काय छापलंय ते बघत बसले असते तर सुपरवायझरने दंडाला धरून बाहेर काढली असती. मार्चात शिलाईचं मशीन बंद पडलं. आठ दिवस सुटा भाग येईना. आम्ही बायका फर्म्यांच्या थप्प्यांमध्ये हातावर हात ठेवून बसलेल्या. एकीने वरचा फर्मा उचलून वारा घ्यायला सुरुवात केली. मी उचलला आणि वाचायला लागले. एका फर्म्याच्या सोळा पानांना मला दोन दुपारी लागल्या. हाताला आला तो पाचवा फर्मा. मग दुसरा, मग अकरावा. अशी उलटी वाचली मी गोष्ट, की माणसं आधी भांडली, मग त्यांची ओळख झाली.

दोन मैत्रिणींची गोष्ट आहे. आत्ताची, मोबाईलबिबाईल आहे त्यात. एक नर्स, एक मास्तरीण. शेजारी शेजारी राहतात. नर्सची धाकटी बहीण मास्तरणीच्या भावाला दिलेली, ती दोघं वरच्या मजल्यावर. खून नाही, चोरी नाही. नुसती माणसं. कोण कोणाशी काय बोललं, काय गिळलं, कोण रुसलं. काही म्हणजे काही घडत नाही आणि तरी मला फर्मा खाली ठेववेना. सुपरवायझर म्हणाला, “काय गं, परीक्षेला बसतेस का?” मी म्हटलं, “बसते. पास झाले तर तुमच्या खुर्चीत.”

सुटे फर्मे उरतात ना शेवटी, त्यातून तुझ्यासाठी एक प्रत शिवली. हाताने. नर्स म्हणजे तूच, वाचशील तेव्हा कळेल. वाच आणि मला नीट पानभर लिही. चिंगीचं मग बघू.

तुझी खळ

२३ जून

खळे,

रागावू नकोस. पानभर लिहिते.

भावाच्या बायकोने मला खिडकीजवळची खोली दिली आहे, आणि दिली आहे याची रोज तीन वेळा आठवणही देते. तिथे बसून वाचते. पिशवीतून पुस्तक काढलं तेव्हा आधी हात पाठीवर गेला. जुनी खोड. हाताची शिलाई, खालची गाठ उलटी. तू डावखुरी, तुझी गाठ अंधारातही ओळखेन. हल्ली कोण शिवतं हाताने? मी भावजयीला दाखवलं तर ती म्हणाली, “दुकानात चांगली छापील मिळतात की.” बोलून उपयोग नाही.

नर्स म्हणजे मी, हे मला पटलं नाही. तोंडाने फटकळ, पण कोणाच्या घरी दुखणं आलं की आधी धावणारी ती मास्तरीण म्हणजे तू, हे मात्र खरं. नर्सच्या ऑपरेशनला ती आठ रात्री खुर्चीत बसते, तिथे मी रडले. चिंगीच्या वेळी माझ्या उशाशी तू बसली होतीस. मला कोणीतरी बघून लिहिलंय असं वाटलं.

पण पुढे काय झालं गं? एकशे अठ्ठावीस पानावर दोघी एका कपातला चहा अर्धा अर्धा करतात. समोरचं पान एकदम एकशे पंचेचाळीस, आणि नर्स मास्तरणीला उंबऱ्याच्या आत घेत नाही! चाळीस वर्षांची मैत्री, आणि तोंडावर दार. मला नर्सचा इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं. कृतघ्न मेली. मग पानांचे आकडे पाहिले. नववा फर्माच नाही. काय गं, कारखान्यात सगळे डोळे मिटून काम करतात का आता? काय होतं त्यात? नर्सला एवढं काय झोंबलं?

आणि एक. मे महिन्यातल्या पत्रात तू लिहिलं होतंस की चिंगीचा डावा हात मोडला. पत्र समोर आहे माझ्या. आता लिहितेस उजवा. डावा असेल तर ती उजव्याने लिहू शकते. कोणता हात आहे? की दोन्ही?

मी चार दिवस येऊन जाऊ का? छोटीलाही बघेन. चार वर्षांची झाली, मला विसरली असेल.

तुझी सुई

१ जुलै

सुये,

येऊ नकोस. घराचं रंगकाम काढलंय, सामान सगळं मधोमध, झोपायला जागा नाही. कुठे बसवू तुला, पाण्याच्या टाकीवर?

फर्म्याचं काय घेऊन बसलीस? नवीन पोरगी आली आहे फर्मे जुळवायला, तिचं लक्ष केसांच्या क्लिपांत. एक राहिला असेल तिच्या हातून. काही नव्हतं त्या फर्म्यात. दोघी बाजारात जातात, पडदे घेतात, परत येतात. सोळा पानं पडदेच. तुझं काही नुकसान नाही. आणि नर्सला उगाच शिव्या देऊ नकोस. तिला राग येणारच.

हात उजवा. मे महिन्यात मी डावा लिहिलं असेल तर चुकले. समोरच्या माणसाचा डावा-उजवा मला अजून कळत नाही, माहीत आहे तुला. डॉक्टर म्हणाले हाड बसतंय. खातेपिते, हसते. सगळं छान आहे.

मुलाला हल्ली कामाचा ताण आहे. शहरभर लिफ्टा बंद पडतात आणि याला बोलावतात. घरी येतो तो पार पिळून निघालेला. एवढंच.

पुढचं वाच. शेवट चांगला आहे.

खळ

९ जुलै

विहीणबाई,

तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणते आहे, कारण हे पत्र मी मैत्रिणीला लिहीत नाही, माझ्या लेकीच्या सासूला लिहिते आहे.

‘तिला राग येणारच.’ कशाचा? पडद्यांचा?

तुमचं पत्र वाचलं आणि पुस्तक पुन्हा हातात घेतलं. वाचायला नाही, बघायला. नव्या पोरीच्या हातून फर्मा राहिला म्हणता. पण ही प्रत तुम्हीच हाताने शिवलीत, असं तुम्हीच लिहिलंत. नवी पोरगी आली कुठून? बरं, सुटा फर्मा मिळाला नसेल म्हणावं, तर तुम्ही ते आधीच लिहिलं असतंत. घडी नखभर वाकडी गेली म्हणून तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतात, विसरलात? मग मी नखाने पुठ्ठा सोडवला. आठव्या आणि दहाव्यामध्ये दोरा ताठ आहे, कुठे झोल नाही. म्हणजे फर्मा मागून फाडलेला नाही, शिवायच्या आधीच बाजूला ठेवलेला. आणि पुठ्ठ्याची पाठ. कारखान्याचा पुठ्ठा सगळ्या फर्म्यांच्या मापाचा असतो, त्यात एक फर्मा कमी घातला तर पाठ ढिली राहते, बोट जातं. इथे बोट जात नाही. पुस्तक पुठ्ठ्यात घट्ट बसलंय. तुम्ही नवा पुठ्ठा कापलात, एक फर्मा कमी धरून. चोरीच करायची होती तर ढिली तरी ठेवायची. पण तुमच्या हाताला वाईट काम जमत नाही ना.

इथे वाचनालय आहे. भाच्याला बरोबर न घेता एकटी गेले. पुस्तक त्यांच्याकडे आहे. घरी न्यायला नाव नोंदवावं लागतं, म्हणून टेबलाशी उभ्या उभ्याच सोळा पानं वाचली.

पडदे नाहीत त्यात. मास्तरीण वाटीत विरजण घेऊन वर भावाकडे जाते. दार अर्धं उघडं. भावाने बायकोचे केस मुठीत धरलेत आणि तिचं तोंड ओट्यावर दाबलंय. नर्सच्या बहिणीचं. मास्तरीण बघते. वाटी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरते आणि चप्पल न वाजवता खाली येते. संध्याकाळी नर्स विचारते, “वर गेली होतीस ना? कशी आहे गं आमची?” मास्तरीण म्हणते, “सगळं छान आहे.”

हेच शब्द तुम्ही मला लिहिलेत. पहिल्या तारखेच्या पत्रात, डॉक्टरच्या खालच्या ओळीत.

वाचनालयाच्या बाईंनी मला स्टूल दिलं. मला पाणी हवं का विचारत होत्या, मला त्यांचे ओठच नुसते हलताना दिसले.

आता मला गोष्ट सांगू नका. माझी मुलगी पडली का? एवढंच लिहा.

चिंगीची आई

२९ जुलै

सुये,

तू मला तुम्ही म्हण, विहीणबाई म्हण, काय वाटेल ते म्हण. वीस दिवसांत तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं आहे, हे टाकते.

पडली नाही.

मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळची वेळ. तो कपाटाच्या किल्ल्या शोधत होता. म्हणे तिने लपवल्या. मी समोर कांदे चिरत बसले होते. त्याने तिचा हात पाठीमागे पिरगळला. आवाज आला. मग किल्ल्या त्याच्याच खिशात वाजल्या. आणि मी काय केलं? उठले आणि गॅस बंद केला. दूध उतू जाईल म्हणून. एवढं सुचलं मला.

दवाखान्यात डॉक्टरने तिला विचारलं, “काय झालं?” तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, जिन्यावरून पडली. त्याने ते कागदावर लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. तो डावा हात. उजवा जूनमध्ये. तू ‘की दोन्ही’ असं विचारलंस तेव्हा मी पत्र हातात घेऊन मोरीत जाऊन बसले. दोन्ही गं.

सुरुवात लग्नाला सहा महिने झाले तेव्हाच. आधी मला वाटलं नवीन आहेत, भांडतील, बसतील घडी. मग वाटलं पोर झालं की थांबेल. मग वाटायचंच बंद झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो तिने खाल्ला आणि तोंड दाबायला मी होते. माझा एकुलता एक. त्याचा बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता, माझ्या पदराची गाठ धरून झोपायचा. तो वाईट आहे असं मी एकदा तोंडाने म्हटलं की तो माझा राहत नाही. आणि तुला कळलं की तूही राहत नाहीस. मग मी कोणाची?

मग पुस्तक पाठवलंच कशाला, असं म्हणशील. नववा फर्मा माझ्या हाती शेवटी लागला. बाकी सगळं वाचून झालं होतं. वाटी घेऊन ती बाई जिना उतरते तिथे मी मान वर करून बघितलं, टेबलावरची कोणी माझ्याकडे बघते आहे का. त्या लिहिणारीला कोणी सांगितलं? मग मनात आलं, बाकीची गोष्ट तुला द्यावी. ऑपरेशन, चहा, दोघींचं हसणं, ते सगळं आपलं आहे. तेवढंच द्यावं. म्हणून शिवली. पुठ्ठा मापात कापताना कळत होतं मला की तू बोट घालून बघशील. तरी ढिला ठेववेना.

परवा छोटी उलथन्याला फडकं गुंडाळून बाहुली बाहुली खेळत होती. बाहुलीला दवाखान्यात नेलं. मी आपली कौतुकाने बघते आहे. तर ही उलथन्याच्या कानात सांगते, “पडले म्हणायचं. आजी सांगते तसं म्हणायचं, मग घरी जायला मिळतं.”

चार वर्षांची आहे.

मला सांग आता काय करू. माझा मुलगा आहे तो. गिळू की थुंकू?

खळ

४ ऑगस्ट

खळे,

काय करू म्हणून मला विचारतेस? सहा वर्षं डोळ्यांवर कातडं ओढून बसलीस आणि आता मला विचारतेस?

चिंगीला आणि छोटीला गाडीत बसवून माझ्याकडे पाठव. या आठवड्यात. भावजय काय म्हणेल ते मी बघून घेईन. तुझा मुलगा तुझ्यापाशी ठेव, पदराच्या गाठीला बांधून.

मी काही साधूसंत नाही, पण पोटच्या पोरीच्या अंगावर वळ बघून मी एक दिवस गप्प बसले नसते. तिने मला एका शब्दाने सांगितलं असतं तरी मी अनवाणी धावत आले असते. तिने नाही सांगितलं, कारण तू तिचं तोंड शिवलंस. माझ्याकडून शिकलेल्या टाक्यांनी.

पाठव तिला. बाकी आपल्यात बोलण्यासारखं काही उरलं असं मला वाटत नाही.

सुई

११ ऑगस्ट, सोमवार

सुये,

माझ्यावर डाफरायचा तुला हक्क आहे आणि मी मुकाट्याने ऐकून घेतलं. आता तू ऐक. मध्ये थांबवू नकोस.

तुझं पत्र आलं ते मी चिंगीला वाचून दाखवलं. ती प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. ‘अनवाणी धावत आले असते’ इथे ती हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, आईच्या मायेने हसली. मी म्हटलं, “चल, पिशवी भरू.” तर म्हणाली, “तिकडे नाही जायचं मला. आईला माहीत आहे.”

सुये, दोन वर्षांपूर्वी ती चार दिवस तुझ्याकडे आली होती ना, छोटीला घेऊन? मला तू लिहिलं होतंस, ‘लेक आली, बरं वाटलं, छोटी बोलायला लागली’. चिंगी सांगते, पहिल्याच दिवशी तिने न्हाणीघरात तुला पाठ दाखवली. पट्ट्याचे वळ होते. तू मलम आणलंस. चार दिवस स्वतःच्या हाताने लावलंस. पाचव्या दिवशी तिला गाडीत बसवलंस आणि म्हणालीस, “थोडं सोस. आणि तुझ्या सासूला मला कळलंय हे सांगू नकोस. आमचं तुटेल. म्हातारपणी मला तिच्याशिवाय कोण आहे?”

हे खोटं असेल तर मला लिही, चिंगी खोटं बोलते म्हणून. मी ते पत्र तिला वाचून दाखवीन. तुझ्या हाताने लिहवेल का ते?

तू माझ्यासाठी गप्प, मी तुझ्यासाठी गप्प, आणि मार खाणारी तिसरीच. पुस्तकातल्या नर्सने निदान दार तरी लावलं. आपण दोघी ‘मी बरी आहे, तू बरी आहेस ना’ करत बसलो.

आता काय झालं ते सांगते. बुधवारी तो कामावर गेला आणि मी छोटीचे कपडे पिशवीत भरले. चिंगीला दोन्ही हातांनी काही उचलता येत नाही. आम्ही जिना उतरतो तर हा खाली उभा, हत्यारांची पेटी विसरला म्हणून परत आलेला. मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, “हिला हात लावायचा तर आधी मला.” त्याने लावला नाही. आरडाओरडाही केला नाही. शांतपणे म्हणाला, “आई, पडली असं तूच सांगितलंस ना डॉक्टरला? सही तुझी आहे.” आणि बाजूला झाला. आम्हाला जाऊ दिलं. त्याला माहीत होतं, कागद त्याच्या बाजूने आहे. सुये, मार परवडला असता गं.

आता आम्ही कटिंगवाल्या बाईकडे आहोत. तुझ्या मागून आली ती, पेपर कापायच्या मशीनवर आहे, एकटी राहते, तोंडाने माझ्याहून खराब आणि मनाने मोकळी. एका खोलीत चौघी. छोटी दारावर थाप पडली की टेबलाखाली जाते. कटिंगवाली म्हणते, “जाऊ दे, मी पण जायचे.”

तक्रार दिली. चिंगीने दिली, मी बरोबर होते. सरकारी वकीलबाई मिळाली आहे, तरुण आहे, घड्याळाकडे बघत बोलते पण ऐकते. पंचवीस तारखेला कोर्टात उभं राहायचं आहे. छोटीने त्याच्याकडे राहावं असा त्याने लगेच उलटा अर्ज केला आहे, कारण म्हणे बायको धांदरट आहे, सारखी पडते, तिच्या हातात मूल कसं द्यायचं. कागद जोडले आहेत दवाखान्याचे. दोन्ही कागदांवर माझी सही.

मी वकीलबाईला म्हटलं, मी सांगते ना, मी डोळ्यांनी बघितलंय. ती म्हणाली, “आजी, तुम्ही सांगाच. पण समोरचे विचारतील, बाई तेव्हा खोटं बोलली की आता बोलते आहे? तुमचं एकटीचं टिकणार नाही. आणखी कोणी बघितलंय का? अंगावरच्या खुणा कोणाला दाखवल्या होत्या का तिने?”

दाखवल्या होत्या. तुला.

म्हणून तुला लिहिते आहे, मैत्रीसाठी नाही. ती राहिली की गेली ते मागून बघू. तुला इथे येऊन, चार माणसांसमोर, त्या मुलाच्या आणि माझ्या आणि चिंगीच्या समोर, सांगावं लागेल की दोन वर्षांपूर्वी मी वळ बघितले, मलम लावलं आणि पोरीला परत पाठवलं. परत पाठवलं हेही सांगावं लागेल. वकीलबाईला मी विचारलं, तेवढं गाळता येईल का. ती म्हणाली, नाही. ते विचारणारच, मग परत का पाठवलंत. तुझ्या भावापर्यंत जाईल, भावजयीपर्यंत जाईल. खिडकीजवळची खोली राहील की नाही मला माहीत नाही. इथे पाचवीला जागा करू, दाटीवाटी झाली तर झाली. तुला ऐकू येत नाही ते वकीलबाईला सांगितलंय. ते कागदावर लिहून विचारतील आणि तू तोंडाने सांगायचं.

माझं म्हणशील तर मी माझ्या मुलाकडे बघून सांगणार आहे. सांगताना तो माझ्याकडे कसा बघेल ते मला आत्ताच दिसतंय. तरी सांगणार. तुला फक्त तुझ्या लेकीकडे बघून सांगायचं आहे.

हे पत्र मी चिंगीला न सांगता लिहिते आहे. वकीलबाईने विचारलं तेव्हा तिने मान हलवली, कोणाला दाखवल्या नाहीत म्हणून. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “आईला लिहू नका. ती येणार नाही. आणि ती नाही म्हणाली हे मला परत ऐकायचं नाही.” तुझ्यावर पांघरूण घालते आहे ती अजून. छोटी हातची गेली तरी चालेल तिला.

वकीलबाईला तुझं नाव सोमवारच्या आधी द्यायचं आहे. म्हणून शुक्रवार, बावीस तारीख. दुपारच्या टपालाने उत्तर कटिंगवालीच्या पत्त्यावर आलं पाहिजे, पत्ता मागे लिहिला आहे. तब्येतीचं, भावजयीचं, पुस्तकाचं काही लिहू नकोस. येणार की नाही, ते लिही. शुक्रवारी काही आलं नाही तर नाही असं धरीन आणि चिंगीला कळूही देणार नाही की मी तुला विचारलं होतं. ती आयुष्यभर म्हणत राहील की आईला कोणी विचारलंच नाही. तुला ते चालणार असेल तर लिहू नकोस. नाहीतर शुक्रवारपर्यंत उत्तर दे.

खळ